जुनिपरवर दर एप्रिलला लटकणारे केशरी जेलीचे गोळे: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

पाडवा उलटला आणि इकडे व्हर्जिनियात पहिला कोमट पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. फोटो सगळे एकाच छापाचे. जुनिपर, म्हणजे ते सदाहरित सूचिपर्णी झाड, त्याची हिरवी फांदी, तिला लटकलेला गोळा, आणि गोळ्यातून चहूकडे बाहेर आलेली केशरी चिकट शिंगं, म्हणजे पाण्यात टाकलेला डिंक फुगतो ना तसं काहीतरी, फक्त रंग जिलबीचा. खाली एक ओळ, "ताई हे काय आलंय, झाड तोडायचं का?"

नाही तोडायचं. निदान आज तरी नाही.

मी काही यातली शिकलेली नाही. माहेर निफाडकडचं, घरची द्राक्षबाग, त्यामुळे भुरी, डावणी, करपा हे रोगांचे शब्द बाराखडीच्या आधी कानावर पडले एवढंच माझं क्वालिफिकेशन. इथे आल्यावर घर घेतलं, मागे कुंपणाला लागून पाच रेड सीडर, म्हणजे जुनिपरच, आयतेच होते, आणि त्यांच्यापासून चाळीसेक फुटांवर मी हौसेने सफरचंद लावलं, ते पण गोल्डन डिलिशस जातीचं, या रोगाला हमखास बळी पडणारं. नंतर कळलं की हे म्हणजे दुधाचं पातेलं नेऊन मांजरापुढे ठेवण्यासारखं आहे. तेव्हापासून दरवर्षी हीच भानगड, आधी माझ्या अंगणात, मग मैत्रिणींच्या, आता ओळखीपाळखीच्या काकांच्या पण. चुका सगळ्या करून झाल्यात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

नाव आधी. हा तांबेरा आहे, गव्हावर पडतो त्याच घराण्यातला. शास्त्रीय नाव जिम्नोस्पोरँजियम जुनिपेरी-व्हर्जिनियाने, इथे लोक सीडर-ॲपल रस्ट म्हणतात. आणि ज्याला रेड सीडर म्हणतात ते मुळात सीडर नाहीच, ते जुनिपर, खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. नर्सरीत हा घोळ कायम होतो, "आमच्याकडे जुनिपर नाही, सीडर आहे" असं सांगणारे मला दरवर्षी भेटतात.

लक्षणं

जुनिपरवर: हिवाळ्यात बारीक फांद्यांच्या टोकाला तपकिरी, कडक, मूत्रपिंडाच्या आकाराच्या गाठी, वाटाण्यापासून ते दोन इंचापर्यंत, वर गोल्फच्या चेंडूसारखे खळगे. मार्चअखेर त्या खळग्यांतून छोटी टोकं वर येतात. मग पाऊस पडला की काही तासांत त्याची अर्धा-पाऊण इंच लांब केशरी शिंगं होतात. ऊन पडलं की सुकून काळपट दोऱ्यासारखी, परत पाऊस आला की परत फुगतात. असं एका सीझनमधे बऱ्याच वेळा होतं. लोकांना वाटतं रोग गेला होता आणि परत आला. गेला नव्हता, तहानलेला होता.

सफरचंदावर: मे महिन्यात पानाच्या वरच्या बाजूला पिवळे-केशरी ठिपके, कडेला लालसर रेघ, मधे बारीक काळे टिंब. जुलैच्या सुमारास पान उलटं केलंत तर त्याच ठिपक्याच्या खाली छोट्या छोट्या नळ्या, दाढीचे खुंट असावेत तशा. फळावर डाग आला तर बहुतेक देठाच्या विरुद्ध बाजूला. जास्त झालं तर ऑगस्टमधे पानं गळतात.

ही दोन्ही लक्षणं एकाच बुरशीची आहेत हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या बुरशीला संसार करायला दोन घरं लागतात. जुनिपरवरच्या जेलीतून उडालेले बीजाणू, म्हणजे बुरशीची धुळीसारखी बीजं, जुनिपरला काही करत नाहीत, ते सफरचंदाच्या पानावर बसतात. सफरचंदाच्या पानाखालून उडालेले सफरचंदाला काही करत नाहीत, ते जुनिपरवर जातात. सफरचंदावरून शेजारच्या सफरचंदावर हा रोग जात नाही. जुनिपरवरून जुनिपरवर पण नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोटं वाटलं होतं, बाबांना फोन केला तर ते म्हणाले त्यात काय, गव्हाचा काळा तांबेरा नाही का निलगिरीच्या डोंगरावरून वाऱ्याबरोबर येत, रोग कुठे राहतो आणि कुठे दिसतो या दोन वेगळ्या गोष्टी.

पहिली तपासणी, फुकट: हा खरंच तांबेरा आहे का

निम्म्या वेळा नसतो. जुनिपरला लटकलेलं काहीही तपकिरी दिसलं की लोक गाठ समजतात, आणि त्यातला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा म्हणजे बॅगवर्म. ही एक अळी आहे, जुनिपरच्याच पाल्याचे तुकडे चिकटवून दीड-दोन इंचाची लांबट पिशवी विणते आणि त्यात राहते. लांबून अगदी सुकलेलं फळ. ओळख सोपी आहे, बोटाने दाबा. गाठ लाकडासारखी कडक आणि फांदीतूनच वाढलेली असते, पिशवी मऊ असते आणि रेशमी दोऱ्याने नुसती बांधलेली. हे तपासणं का महत्त्वाचं तर तांबेरा जुनिपरला सहसा मारत नाही, बॅगवर्म मात्र एका उन्हाळ्यात अख्खं झाड बोडकं करतो आणि जुनिपर एकदा पूर्ण बोडकं झालं की परत फुटत नाही. हिवाळ्यात त्या पिशव्यांत शेकड्यांनी अंडी असतात, एकेक तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. मे उजाडायच्या आत.

निळसर पांढऱ्या बारीक गोळ्या म्हणजे जुनिपरची फळं, त्यांच्या वाट्याला जाऊ नका, पक्षी खातात. खोडावरची राखाडी-हिरवी खपली म्हणजे दगडफूल, बिनधोक. फांद्यांची टोकंच तपकिरी पडतायत पण गाठ नाही, तर तो वेगळा करपा असू शकतो किंवा कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. कोळ्यासाठी फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, कागदावर ठिपके चालायला लागले तर कोळी. आणि एका काकांकडे तर फक्त एकाच बाजूचा, खालचा दीड फूट जळला होता, तो कुत्रा निघाला. शेजारचा, रोज तिथेच.

तरी शंका असेल तर एप्रिलमधे सुकलेल्या दोऱ्यांसकट एक गाठ तोडा आणि वाटीभर पाण्यात टाकून ठेवा. तांबेरा असेल तर तास-दोन तासांत शिंगं फुगतात. पोरांना फार आवडतं. हाताला लागलं तर काही होत नाही, केशरी डाग पडतो इतकंच, धुवून टाका. आणि हो, खायची नाही ही, मला दोनदा विचारलंय लोकांनी की औषधी आहे का.

दुसरी, ही पण फुकट: तीन भावंडांतलं कुठलं

जुनिपरवर या तांबेऱ्याची आणखी दोन भावंडंही येतात. इथे नीट बघा, कारण कात्रीने काम होणार की नाही हे इथे ठरतं.

गोल, खळगेदार, जेलीची लांब शिंगं, म्हणजे सफरचंदवाला. ही गाठ एकदाच जेली काढते आणि त्या उन्हाळ्यात मरते. मेलेली गाठ वर्षभर फांदीला लटकून राहते, तिच्यात काही उरलेलं नसतं, खळग्यांच्या जागी भोकं दिसतात. तिच्यावर वेळ घालवू नका.

गाठ लहान, वेडीवाकडी, जेली आखूड आणि जिभेसारखी, तर तो हॉथॉर्न या काटेरी झाडावर जाणारा, हॉथॉर्नवाला भाऊ. त्याची गाठ मरत नाही, तीच गाठ तीन-चार-पाच वर्षं जेली देत राहते. म्हणून ती काढायचीच.

आणि गोळाच नाही, फांदी किंवा खोडच मधे लांबट सुजलंय, साल फाटलीय आणि फटीतून केशरी चिकट पट्टा येतोय, तर तो क्विन्सवाला (क्विन्स हे सफरचंदाच्या कुळातलं फळझाड). हा वाईट. हा सालीत वर्षानुवर्षं राहतो, फांदीचा गळा आवळतो, पुढची फांदी वाळते. सर्व्हिसबेरी (हेही त्याच कुळातलं झाड) आणि हॉथॉर्नची फळं पांढरे काटे फुटल्यासारखी दिसत असतील तर ते याच्यामुळेच. बारीक फांदीवर असेल तर सुजेच्या चार-सहा इंच खाली निरोगी लाकडात कापा. मुख्य खोडावर असेल तर पुढचं सगळं वाचणं सोडून "इथे थांबा, माणूस बोलवा" या भागाकडे जा.

इंग्लंडमधल्या माझ्या मावसबहिणीला मी हेच सगळं सांगत बसले होते आणि तिच्याकडे सफरचंद नव्हतंच, नासपती होती. तिकडे नासपतीचा वेगळा तांबेरा आहे, तोही जुनिपरवरच राहतो, पण फांदी सुजवून कायमचा. पानाखाली नळ्यांच्या ऐवजी छोटे आकाशकंदील लटकल्यासारखे दिसतात. त्यामुळे माझी गोल गाठीची ओळख तिकडे लावू नका.

तिसरी: दुसरं घर आहे का

आपलं आणि शेजारच्यांचं अंगण फिरून या. सफरचंद, क्रॅबॲपल, हॉथॉर्न, सर्व्हिसबेरी, यातलं काही आहे? क्रॅबॲपल लोक विसरतात कारण ते शोभेचं झाड, वसंतात गुलाबी फुलतं आणि मग कोणी बघत नाही.

काहीच नसेल तर विषय संपला. खरंच संपला. जेली दोन-चार आठवडे दिसेल, गाठी मरतील, जुनिपर तसाच उभा राहील. फार गाठी झाल्या तर काही बारीक टोकं वाळतात, त्यापलीकडे मोठ्या झाडाला फरक पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी बऱ्याच जणांना मी एवढंच सांगते आणि ते नाराज होतात. अमेरिकेत घर घेतलं की प्रत्येक प्रॉब्लेमला काहीतरी विकत आणायचं असतं अशी आपली समजूत होऊन बसते.

जुनिपर लहान असेल, कुंडीतलं किंवा बोन्साय, तर मात्र गाठी काढा, तिथे चार टोकं म्हणजे अर्धं झाड.

चौथी: सफरचंदाची जात कुठली

लावतानाचं लेबल सापडलं तर बघा. गोल्डन डिलिशस, जोनाथन, रोम, गोल्डरश, ही तांबेऱ्याला बळी पडणारी. लिबर्टी, फ्रीडम, एंटरप्राइज, मॅकिंटॉश, रेड डिलिशस, यांना सहसा फार होत नाही, झालाच तर चार बारीक ठिपके येऊन थांबतो. जात टिकाऊ, म्हणजे रोगाला दाद न देणारी, असेल तर ठिपके दिसले तरी पुढच्या पायऱ्या सोडून द्या. नाव माहीत नसेल तर गेली दोन-तीन वर्षं आठवा, ऑगस्टमधे झाड उघडं पडत होतं का? पानं टिकत असतील आणि फळ येत असेल तर डाग हा फक्त डोळ्यांना त्रास आहे. डाग पडलेलं फळ सोलून खाता येतं, मुरंबा तर उत्तम होतो. एका वर्षाच्या तांबेऱ्याने झाड मरत नाही. ओळीने दोन-तीन वर्षं पानं लवकर गळली की मग ते खंगतं आणि पुढच्या वर्षीचा बहर कमी येतो.

पाचवी: कात्री, आणि तारीख

इथून पैसे लागतात, पण एका चांगल्या कात्रीचे.

गाठी काढायच्या त्या हिवाळ्यात. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरअखेर, ते मार्चच्या मध्यापर्यंत. पानगळीच्या झाडांची पानं गेलेली असतात, समोर फक्त हिरवा जुनिपर आणि त्यावर तपकिरी गाठी, लगेच दिसतात. गाठीच्या थोडं खाली फांदी कापा, कचऱ्याच्या पिशवीत भरा, तोंड बांधा, फेकून द्या. झाडाखाली टाकू नका. क्विन्सवाली सूज कापत असाल तर प्रत्येक कापणीनंतर पातं रबिंग अल्कोहोलने पुसा.

एप्रिल उजाडला, शिंगं फुटली, आता? तरीही कापा, पण कोरड्या दिवशी आणि लवकर. जेली ओली असताना तिच्यावर बीजाणू तयार होऊन उडत असतात, ओल्या गाठीला कात्री लावेपर्यंत निम्मी वरात निघून गेलेली असते.

आणि आता तो प्रश्न ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. "मागच्या हिवाळ्यात एकूण एक गाठ काढली, तरी यंदा परत कशा आल्या?"

हिशोब असा आहे. एप्रिलमधे सफरचंदाच्या पानाला लागण होते. जुलै-ऑगस्टमधे त्या पानाखालून बीजाणू उडून जुनिपरवर बसतात. तो हिवाळा जुनिपरवर काहीही दिसत नाही, अगदी भिंग लावून बघितलंत तरी नाही. पुढच्या उन्हाळ्यात बारीक गाठ दिसायला लागते, थंडीपर्यंत मोठी होते, आणि त्याच्या पुढच्या एप्रिलमधे जेली. पूर्ण फेरी दोन वर्षांची. म्हणजे तुम्ही ज्या हिवाळ्यात गाठी काढत होतात त्याच हिवाळ्यात पुढची तुकडी आत झोपलेली होती. तुमचं काही चुकलं नव्हतं. ओळीने दोन हिवाळे काढा, मधे एकही चुकवू नका, आणि तिसऱ्या एप्रिलला बघा काय उरलंय ते. मी पहिल्या वर्षी काढल्या, दुसऱ्या वर्षी परत दिसल्या म्हणून चिडून सोडून दिल्या, आणि तिसऱ्या वर्षी शून्यापासून सुरुवात. ही चूक फक्त आळसाची नाही, हिशोब माहीत नसण्याची होती.

अर्थात तुमचे जुनिपर साफ झाले तरी रस्त्यापलीकडचे आहेतच. बीजाणू मैल-दोन मैलसुद्धा येऊ शकतात. पण जोरदार मार बसतो तो जवळच्या, काहीशे फुटांतल्या झाडांवरून. म्हणून कात्रीने रोग नाहीसा होत नाही, पण झोडपलेलं झाड आणि चार ठिपके पडलेलं झाड यातला फरक तिथेच पडतो.

सहावी: पान किती वेळ ओलं राहतं

बीजाणू पानावर बसला म्हणजे लगेच लागण होत नाही, बेताच्या गारव्यात पान सलग चार-सहा तास ओलं राहावं लागतं. पाऊस तुमच्या हातात नाही पण स्प्रिंकलर आहे. एका मैत्रिणीकडे लॉनचा स्प्रिंकलर रोज पहाटे तीनला सफरचंदाच्या खालच्या फांद्यांवर पाणी मारायचा, दव अधिक हे पाणी, पान सकाळी नऊपर्यंत ओलं. नोझल फिरवून दिलं, खर्च शून्य. तसंच फेब्रुवारीत झाडाची मधली गर्दी छाटा, वारा खेळला की पान लवकर सुकतं. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्याला हे सांगायला नको, पण आयटीत बारा वर्षं काढली की माणूस हे पण विसरतो.

सातवी: फवारणी, आणि ती सफरचंदावर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

जुनिपरवर फवारू नका. उन्हाळाभर महिन्यातून एकदा जुनिपरवर फवारणीचं पॅकेज एका कंपनीने माझ्या मैत्रिणीला विकलं, जुलैमधे सुरू करून. पुढच्या एप्रिलला जेली जिथल्या तिथे, कारण त्या एप्रिलच्या गाठी तर आधीच फांदीत तयार होत होत्या. तयार होत असलेली गाठ औषधाने विरघळत नाही.

सफरचंदावर फवारणी चालते पण तिची वेळ एकच. कळी गुलाबी दिसायला लागली की सुरू, पाकळ्या गळून दोन-तीन आठवडे होईपर्यंत, लेबलवर लिहिलेल्या अंतराने, साधारण सात ते दहा दिवस. आमच्याकडे म्हणजे एप्रिल मध्य ते मे अखेर. जेली संपली की फवारणी संपली. पानावर ठिपका दिसतो तो लागण झाल्यावर दहा-पंधरा दिवसांनी, त्यामुळे ठिपके बघून दुकानात पळालात तर गाडी स्टेशनातून सुटलेली असते. मी पहिल्या वर्षी जूनमधे फवारलं होतं. तीन वेळा. नवरा अजून चिडवतो.

औषध कुठलं, तर घरगुती वापरात मायक्लोब्युटॅनिल तांबेऱ्यावर चांगलं चालतं. दुकानात जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या असतात, एकीत बुरशीनाशकाबरोबर कीटकनाशकपण मिसळलेलं असतं किंवा ती फक्त गुलाबासाठी असते. लेबलवर सफरचंदाचं नाव छापलेलं असेल तीच घ्या. मँकोझेब, म्हणजे आपल्याकडचं एम-पंचेचाळीस, तांबेऱ्यावर चालतं पण लागणीच्या आधी, आणि फळ काढणीपर्यंत थांबायचा काळ खूप लांब आहे, तो वाचा. निर्यातीची द्राक्षं काढणाऱ्यांना पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यात ठेवायचं अंतर, पाठ असतं, तेच इथे पण. कॅप्टान हे बुरशीनाशक सफरचंदावर इतर रोगांसाठी मारतात म्हणून लोक तेच तांबेऱ्यालाही वापरतात, याला ते लागू पडत नाही. बाबा म्हणाले बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मार, पण पालवी आल्यावर तांब्याचं औषध सफरचंदाची पानं जाळतं आणि फळाची साल खरखरीत करतं. कडुनिंबाचं तेल मी श्रद्धेने दोन वर्षं मारलं, माझ्या झाडावर काहीही फरक नाही, अंगणाला मात्र आजीच्या घराचा वास येत होता.

फवारणी संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. हातमोजे, चष्मा, वारा नसताना. आणि झाड तुमच्या डोक्याच्या बरंच वर गेलं असेल तर फवारू नका, औषध पानांपेक्षा तुमच्याच तोंडावर जास्त पडतं.

आठवी आणि शेवटची: झाड हलवणं

म्हणजे दोन्हीपैकी एक काढणं. व्हर्जिनियात या प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीदार आहे. इथे पश्चिमेला शेनांडोआ खोरं, सफरचंदाच्या बागांचा पट्टा, आणि बांधाबांधावर आपोआप उगवलेले रेड सीडर. १९१४ मधे राज्याने कायदाच केला की बागेपासून दोन मैलांच्या आत असलेला, रोग पसरवणारा रेड सीडर तोडायचा हुकूम देता येईल. शेनांडोआ काउंटीतल्या मालकांनी विरोध केला, मिलर विरुद्ध शोन हा खटला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९२८ मधे निकाल राज्याच्या बाजूने लागला. मालकांना तोडलेलं लाकूड मिळालं, उभ्या झाडांची भरपाई नाही. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की दोन मालमत्तांपैकी एकच वाचणार असेल तर राज्याने जास्त मोलाची निवडली यात गैर नाही. लॉ कॉलेजात हा खटला अजून शिकवतात. म्हणजे आपण व्हॉट्सॲपवर "झाड तोडायचं का" विचारतो ते काही नवीन नाही.

पण ती बागाईत होती, हजारो झाडांची. तुमच्या अंगणात एक सफरचंद असेल तर त्याच्यासाठी पाच पूर्ण वाढलेले सीडर पाडणं हा माझ्या मते मूर्खपणा. दोन मैलांत आणखी किती आहेत मोजलेत का? शेजारच्यांचे तर पाडता येणारच नाहीत. सीडरची फळं खायला हिवाळ्यात वॅक्सविंग पक्ष्यांचे थवे येतात, आणि शेजाऱ्याचं डेक दिसत नाही हा फायदा वेगळाच. बदलायचंच असेल तर सफरचंद बदला, नवीन लावताना टिकाऊ जात घ्या. सगळ्यात कमी कष्टाचा कायमचा उपाय तोच, फक्त तीन-चार वर्षं फळाची वाट बघायची तयारी पाहिजे.

इथे थांबा, माणूस बोलवा

शिडी लागतेय आणि शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी कापावं लागतंय, थांबा. विजेच्या तारेच्या आसपासची फांदी असेल तर अगदी छोटी गाठ असली तरी हात लावू नका, वीज कंपनीला फोन करा.

मुख्य खोडावर सूज, फाटलेली साल, केशरी पट्टा, किंवा एका बाजूच्या मोठ्या फांद्या वाळतायत, तर हे कात्रीचं काम नाही. आयएसए सर्टिफाइड आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा प्रमाणित जाणकार, बोलवा. सर्टिफिकेट आणि इन्शुरन्स दोन्ही विचारा, विचारायला लाजू नका. आणि तो आल्या आल्या बॅगवर्म आहे का, मुळं कुजलीत का हे न बघता थेट फवारणीचं पॅकेज काढायला लागला तर चहा पाजून पाठवून द्या.

नक्की काय आहे तेच कळत नसेल तर आधी तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या सरकारी कचेरीला, फोटो किंवा नमुना द्या. विद्यापीठाची रोगनिदान लॅब त्यांच्यामागे असते, आमच्याकडे व्हर्जिनिया टेक. फी असलीच तर फवारणीच्या एका बाटलीपुढे ती काहीच नाही, आणि उत्तर खरं मिळतं. नमुना म्हणून नुसतं वाळलेलं टोक देऊ नका, निरोगी आणि रोगट भाग जिथे मिळतात तो तुकडा द्या, वाळलेल्या भागातून त्यांना काही सापडत नाही.

झाड मुळासकट काढायचं असेल तर खणण्याआधी ८११ ला फोन, जमिनीखालच्या गॅस आणि केबलच्या लाइनी ते येऊन आखून देतात, फुकट. सोसायटीची, म्हणजे एचओएची परवानगी वेगळी. आमच्याकडे एकाने सीडर पाडला आणि दंडाची नोटीस दुसऱ्या आठवड्यात आली.

माझं गोल्डन डिलिशस मी अजून काढलेलं नाही, जीव होत नाही. त्याच्या शेजारी, जरा लांब, लिबर्टी लावलंय. सीडर पाचही जागेवर आहेत. हात पोचतो तिथपर्यंतच्या गाठी दर डिसेंबरला जातात, फवारणी गेल्या दोन वर्षांत केली नाही. यंदा एप्रिलच्या पहिल्या पावसानंतर वरच्या फांद्यांवर सहा गोळे लटकले होते, लेकीने खिडकीतून मोजले.